पेन्सिलीची रेघ

उकळत्या पाण्यातून चिमट्याने काढलेला कातड्याचा तुकडा मुलीने कागदावर ठेवला.

तुकडा आक्रसला होता. उकळण्याआधी वडिलांनीच तो कागदावर दाबून धरून भोवती पेन्सिलीची रेघ मारली होती. कातडं नीट कमावलेलं असेल, तर तीन मिनिटं उकळूनही ते त्या रेघेत चपखल बसतं. हा तुकडा चांगला बोटभर आत आला होता. म्हणजे कातडं पक्कं करणारं निळं क्रोम आतवर मुरलंच नव्हतं. वरून निळं, आतून कच्चं.

"बसला ना बरोबर?" वडिलांनी विचारलं. कागदावर वाकून, थेट तुकड्याकडे बघत विचारलं.

मुलीने चिमटा खाली ठेवला. कातडी कमावण्याच्या या कारखान्याच्या लॅबमध्ये रुजू होऊन तिला चारच दिवस झाले होते, आणि वडिलांचा शब्द इथे तीस वर्षं शेवटचा. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मघाशी त्यांनी कातड्याचा मानेकडचा जाड भाग कापून कड पाहिली होती आणि "एकसारखं निळं आहे" म्हणून मान डोलावली होती. मधली पांढुरकी पट्टी तिला लांबूनही दिसली होती. पण उस्तादांपुढे आपण काय अक्कल पाजळणार!

तेवढ्यात कातडी कमावायचा ड्रम फिरवणारा दारात येऊन उभा राहिला. त्याला रेडिओ म्हणत. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीच्या आत गेटवर पोचलेली असे.

"काय उस्ताद, काढू का माल? तेलवाले खोळंबलेत. की लेकीचा निकाल लागायचाय अजून?"

"थांब रे बाबा, जरा दम धर."

हो म्हणावं, तर तेल पाजून हा माल भट्टीवर लोखंड ओतणाऱ्यांच्या बुटांत जाणार. एकदा तेल मुरलं की कच्चं काय नि पक्कं काय, सारखंच देखणं. वाकवलं की फिकं पडतं, अंगठा फिरवला की रंग परत येतो. पक्कं कातडं मग दहा-दहा वर्षं पायाच्या वळणाने मऊ होत जातं. कच्चं मात्र भट्टीच्या धगीने वर्षा-दोन वर्षांत कडक होतं, तडकतं, आणि ते कळतं कधी, तर पायावर ठिणगी पडल्यावर. आणि नाही म्हणावं, तर रेडिओसमोर वडिलांची शोभा.

तिने वडिलांचं बोट धरलं. तुकड्याच्या कडेवर टेकवलं आणि हळूच रेघेपर्यंत सरकवलं.

वडिलांचा चेहरा खर्रकन उतरला.

"अजून चार तास फिरू दे," ते रेडिओला म्हणाले. "मग हिला दाखव."

"हिला? बरं बुवा, हिला तर हिला." रेडिओ हसत निघून गेला.

दार लोटलं आणि मुलीला रडूच आलं. "कधीपासून, बाबा?"

"झाले असतील सहा महिने. धुकं धुकं वाटतं. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल." ते स्टुलावर टेकले. "हाताला कळतं, अशी मनाची समजूत घालत होतो. ओल्या कातड्यात काय डोंबल कळतंय हाताला!"

"ऑपरेशन करून घेऊ ना. डोळे बरे होतात. कुणाला सांगायचं कशाला?"

"आणि सहा महिन्यांचा माल?"

कपाटात सहा महिन्यांचे कागद होते. प्रत्येकावर रेघ, रेघेत चिकटवलेला तुकडा, खाली वडिलांची सही. ती एकेक कागद बघत गेली. बहुतेक ठीक होते. मग एक तुकडा नखभर आखूड निघाला. पुढे आणखी एक.

"दोन ड्रमांचा माल कच्चा," ती म्हणाली. "एव्हाना बूट होऊन लोकांच्या पायांतही गेला असेल. बाबा, तीस वर्षांचं नाव आहे हो तुमचं!"

वडिलांनी खिशातून फोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

"मालकांना लावून दे. मला आकडे दिसत नाहीत."