सगळं परत मिळालं

"एक अक्षरही गेलेलं नाही, वहिनी!" बंद पडलेली हार्ड डिस्क दुरुस्त करणारा दुकानदार म्हणाला आणि वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्यांचा नवरा कित्येक वर्षं कादंबरी लिहीत होता. तो खोलीत बसला की वहिनी मिक्सर बंद करायच्या, पोरांना दटावायच्या, दोन्ही जावांना कुजबुजत बोलायला लावायच्या. त्या जावाही आज काळजीपोटी सोबत आल्या होत्या आणि दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. वहिनींच्या शेजारी उभा असलेला नवरा मात्र पहिल्यापासून "जाऊ दे गं, नशिबातच नव्हतं" एवढंच म्हणत होता.

दुकानदाराने फाइल उघडली. पहिल्या पानावर कादंबरीचं नाव. दुसऱ्यावर अर्पणपत्रिका: 'जिने घरात टाचणी पडल्याचाही आवाज होऊ दिला नाही, त्या माझ्या पत्नीस.' तिसऱ्यावर 'प्रकरण पहिले', आणि त्याखाली कोरं.

"बाकीचं कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"बाकी मग हा पत्त्यांचा खेळ. त्यातले झाडून सगळे डाव परत मिळवलेत!" दुकानदाराची छाती फुगली होती.

नवरा छताच्या पंख्याकडे बघत राहिला. वहिनींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा काचेतून जावांकडे.

"दादा," त्या हळूच म्हणाल्या, "बाहेर त्या दोघी बसल्यात ना, त्यांना सांगा, सगळं गेलं." मग त्यांनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "आणि तुम्ही हो, रडायला लागा."