सासरची राखण

आमचे जावईबापू वेगवेगळ्या ब्लॉकचेन, म्हणजे एकाच वेळी अनेक संगणकांवर ठेवलेल्या नोंदवह्या, एकमेकींना जोडतात. औषधांची वेगळी, जमिनीच्या कागदांची वेगळी. जिचं काम तिने करायचं, पण एकीची खबर दुसरीला पोचते आणि नोंदी तपासणारे राखणदार सगळ्यांचे तेच. "मामा, एकीला फसवायला गेलात की सगळे राखणदार धावून येतात. खोटं टिकायची सोयच नाही," असं मला, म्हणजे त्यांच्या सासऱ्याला, छातीठोकपणे सांगतात.

डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलंय. पुन्हा चोरून खाल्लं, तर महिनाभर आमच्या घरी सासूकडे राहून उकडलेला कोबी खायचा, असं लेकीने बजावलं होतं. तरी परवा स्वारी बेकरीत शिरली. केकचा पहिला घास तोंडात जातो न जातो तोच समोर धाकटी मेव्हणी. अर्धा केक देऊन तिचं तोंड बंद केलं, मिशा पुसल्या आणि बायकोला फोन लावला, "मीटिंग लांबलीये गं."

लेकीला संशय आला. तिने थोरल्या बहिणीला विचारलं, थोरलीने मावशीला, मावशीने धाकटीला. जावईबापू घरी पोचून बूट सोडतात तोच सासूबाईंचा फोन.

"बॅग भरा, जावईबापू. कोबी उकळतोय, आणि धाकटीने तुमचा अर्धा केक पुराव्यादाखल माझ्याकडे जमा केलाय."