दोऱ्यावरची चाहूल

आर्डिथने गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यात खुपसले, जरा खालून बाहेर काढले आणि गळ फिरवून ते पुन्हा त्याच्या मऊ अंगात लपवले. प्लास्टिकचे हिरवे गांडूळ सरळ लोंबायला हवे; वाकडे बसले तर ते पाण्यात गरगरते आणि बास मासा त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तिने ते डोळ्यांसमोर धरले. सरळ होते. मात्र हिरव्या अंगावरून एक लाल थेंब ओघळत होता.

"बोट बघ," नीव्हा म्हणाली.

गळ बोटात शिरल्याचे आर्डिथला कळलेच नव्हते. तिने बोट पँटला पुसले. "बरं झालं. जरा चव येईल त्याला."

औषधांनी आर्डिथचा कॅन्सर गेला होता आणि त्याच्याबरोबर बोटांच्या टोकांतली जाणीवही गेली होती. शनिवारी याच जलाशयावर जोडीने मासे धरण्याची स्पर्धा होती. दोघी बहिणी लग्नांच्या आधीपासून एकाच बोटीतून त्या स्पर्धेत उतरत आल्या होत्या. सकाळी धक्क्यावर आर्डिथने अट घातली होती. "आज एक तरी मासा माझा मला कळला पाहिजे. तू सांगायचं नाहीस. नाही कळला, तर शनिवारी तुझ्या सुनेला घे."

"ती बोटीत बसून फोन बघते."

"तिला बोटं आहेत ना."

बुडालेल्या झाडांपाशी नीव्हाने मोटरवर बोट थोपवून धरली. आर्डिथने गळ टाकला. दोऱ्याला लावलेले शिशाचे वजन गांडुळाला घेऊन तळाशी गेले. दोरा तिने तर्जनीवर घेतला. बास ओढाताण करत नाही, गांडूळ नुसते तोंडात घेतो. दोऱ्यावर एक टिचकी येते, तेवढीच. ती कळली की गळाच्या काठीचे टोक पाण्याकडे झुकवायचे, सैल दोरा गुंडाळायचा आणि मग हिसका द्यायचा. उशीर झाला, तर घास खोटा आहे हे त्याला कळते आणि तो थुंकून टाकतो.

पाण्यात शिरणारा दोरा किंचित उडाला. मग, वारा अजिबात नसताना, तो डावीकडे सरकू लागला.

आर्डिथ आपल्या बोटाकडे पाहत होती.

नीव्हाने दात आवळले. दोरा आणखी हातभर गेला, थांबला आणि सैल पडला.

बऱ्याच वेळाने आर्डिथने गळ वर घेतला. गांडूळ खाली ओढले जाऊन गोळा झाले होते, गळाचे टोक उघडे पडले होते.

"तू पाहिलंस."

"हो."

"मोठा होता?"

"नाव सांगून नाही गेला."

"आणि तू गप्प बसलीस."

"तूच म्हणालीस. जन्मात एकदा तुझं ऐकलं, तर तेही चुकलं."

आर्डिथ हसली नाही. नीव्हाने नवे गांडूळ पुढे केले, ते तिने घेतले नाही. जुन्याचेच फाटके डोके तिने दातांनी तोडले, नेहमी तोडायची तसे, आणि पाण्यात न टाकता बोटीतल्या डब्यात थुंकले. प्लास्टिकला लावलेले मीठ ओठाच्या भेगेत झोंबले. ती थांबली. जिभेने तिने ती जागा पुन्हा एकदा चाचपली.

मग उरलेले गांडूळ गळावर सरळ बसवून तिने तिथेच फेकले. रिळापुढचा दोरा डाव्या हाताने उचलला, मान खाली घातली आणि तो खालच्या ओठावर टेकवला.

"हे काय आता?"

आर्डिथ बोलली असती तर दोरा हलला असता.

नीव्हाने मोटर बंद केली. आता ती दोऱ्याकडे पाहत नव्हती, बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहत होती. डोळे मिटलेले, डोक्यावर नुकतेच उगवलेले आखूड पांढरे केस. बोट हळूहळू झाडांकडे वाहत चालली होती. तिने ती वाहू दिली.

ओठ किंचित दबला.

डोळे न उघडता आर्डिथने काठीचे टोक अगदी सावकाश पाण्याकडे झुकवले.