अठ्ठावीस दिवसांचे हात

पेजेत बुडवून ठेवलेली दहा बोटं.

शेळी होती. आता नाही.

नर्सिंग कॉलेजचं पत्र, डाळीच्या डब्यात. आईकडे काजू कामगाराचं कार्ड असेल तर मुलीला वसतिगृह फुकट. शेवटची तारीख उद्या.

अठ्ठावीस दिवस घरी, बिनमजुरीचे.

आणि आता हा एवढासा हिरवा दिवा.

"लागला, अक्का! अंगठा लागला!" मशीनवाला म्हणाला.

गवरम्माने अंगठा उलटा करून पाहिला. मागच्या महिन्याच्या कार्ड-शिबिरात याच मशीनने तिला चार वेळा लाल दिवा दाखवला होता. बावीस वर्षं काजूबिया फोडल्या. टरफलातल्या तेलाने बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या. "महिनाभर काम सोडा, कातडी परत येते," असं मशीनवाल्यानेच तेव्हा सांगितलं होतं. तिने सोडलं. कातडी आली.

रांगेत मागे दालम्मा होती. काजूच्या शेडमध्ये गवरम्माच्या शेजारी बसणारी.

"बघा गं, राणीसरकारांची बोटं! कोवळ्या भेंड्या नुसत्या. महिनाभर नवऱ्याने भांडी घासली वाटतं."

"तो घासतोय! त्याला स्वतःचं ताट उचलायचं जिवावर येतं," गवरम्मा म्हणाली आणि हसली. दाराशी पत्र घेऊन उभी असलेली तिची मुलगी हारिका, तीही हसली.

पुढच्या टेबलावर तपासणीचे साहेब बसले होते.

"हात दाखवा, अम्मा."

तिने दाखवले. साहेबांनी पाहिले. चष्मा काढून परत पाहिले. मग रांगेतल्या दालम्माकडे बोट केलं.

"काजूवालीचे हात ते. काळे. हे नाहीत."

"सार, मशीनसाठीच तर महिनाभर..."

"इथे प्रत्येकजण काहीतरी सांगतो. काल एक दुकानदारीण आली होती कार्ड मागायला. मालकाची चिठ्ठी आणा."

"मालक म्हणतो, माझ्याकडे कुणी कामालाच नाही."

"मग मी काय म्हणू?"

दालम्मा रांग सोडून पुढे आली. "मी सांगते ना, सार. बावीस वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून बसते ही."

"तुमचा अंगठा लागला का मशीनला?"

"नाही लागत, सार."

"म्हणजे तुम्ही कोण हेच आम्हाला माहीत नाही. जा, रांगेत उभ्या राहा."

शिबिर पाचला बंद होणार होतं. शेड रस्त्याच्या पलीकडे.

राख न लावता.

फडकं न गुंडाळता.

टरफलांच्या ओल्या ढिगात, दोन्ही हात, मनगटाच्या वर.

"अगं, राख तरी चोळ!" शेडमधल्या बाया ओरडल्या. "नवी कातडी आहे, जळेल!"

"राख चोळली तर काळे कसे होतील?" गवरम्मा म्हणाली आणि टरफलं मुठीत धरून पिळत राहिली.

चार वाजता ती परतली. हात अंगापासून लांब धरलेले, जणू कुणा दुसरीचे होते आणि ती फक्त पोचवायला आली होती. साहेबांना यावेळी चष्मा काढावा लागला नाही. वासावरूनच समजलं.

"हं! आता कसं? सकाळीच असं यायचं ना, अम्मा. उगाच माझाही वेळ गेला."

शिक्का बसला. कार्ड छापून बाहेर आलं. तिचा फोटो, तिचं नाव, खाली 'काजू कामगार'. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तसं लिहिलं होतं. तिने घ्यायला हात पुढे केला.

मशीनवाल्याने कार्ड आपल्याकडे ओढलं. "एक मिनिट, अक्का. घेताना परत अंगठा. पोच म्हणून."

लाल.

डावा अंगठा. लाल.

पुसून बघा. पुसलं. फडक्याबरोबर कातडीही आली. लाल.

"फोटो बघ ना, बाबू. मीच आहे."

"फोटो तुमचाच आहे. मला दिसतोय." तो खरंच ओशाळला होता. "पण मशीन म्हणतं, ती बाई तुम्ही नाही."

साहेब कागद आवरत होते. त्यांनी मान वर केली. "कार्ड कुठे जात नाही, अम्मा. आमच्या कपाटात राहील. महिनाभर हातांना आराम द्या आणि येऊन घेऊन जा."

दालम्माने तोंडाला पदर लावला. यावेळी ती हसत नव्हती.

बाहेर आल्यावर गवरम्मा नळाखाली हात धरून उभी राहिली. पाणी लागलं की आग वाढत होती, तरी तिने हात काढले नाहीत. हारिकाने कॉलेजच्या पत्राची घडी घातली. मग आणखी एक. आणखी एक. घडी घालता येईना तेव्हा ते मुठीत दाबलं.

"अम्मा," तिने विचारलं, "राख किती चोळायची असते?"

हारिका तान्ही असताना आईचा हात लागला की तिच्या अंगावर फोड यायचे, म्हणून तिचं न्हाणं-धुणं आजीनेच केलं. त्या अठ्ठावीस दिवसांतल्या एका रविवारी गवरम्माने तिला डोक्यावरून न्हाऊ घातलं. पहिल्यांदाच. हारिका सतरा वर्षांची आहे.