टँगविस्टलचा तह

"उठून जायचं नाही, बाबा. बसा," मेरेरिद म्हणाली.

तिचा बाप इथेल पुन्हा दारापर्यंत पोचला होता. आत तिचा सासरा तिदिर खिडकीकडे तोंड करून मनुकांचा पाव चावत बसला होता. चहाला दोघांनाही बोलावलंय, हे तिनं दोघांनाही कळू दिलं नव्हतं.

मेरेरिदची बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हाच चॅपलच्या गायन मेळाव्यात सगळ्यांच्या आधीच खर्ज कोणी लावला, यावरून दोघांचं बिनसलं होतं. तिदिरनं तर चॅपलच बदललं. एक आला की दुसरा उठायचा.

मेरेरिद तान्ह्या पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. सोमवारी हॉस्पिटलात रुजू झाली नाही, तर नर्सची नोकरी गेली. नवरा बोटीवर. पोरीला सांभाळायला हे दोघंच, आणि एकाचा गुडघा गेलेला, दुसऱ्याची कंबर. दोघं मिळून जेमतेम एक माणूस.

"नाव ठरलं," ती म्हणाली. "टँगविस्टल."

"शाळेत हजेरी घेताना बाईंची कवळी पडेल," तिदिर म्हणाला.

"आपल्याच वेल्श राजेरजवाड्यांच्या वेळचं नाव आहे. टँग म्हणजे शांतता, तह. ग्विस्टल म्हणजे ओलीस."

"लेकराला ओलीस म्हणायचं?" इथेल दारातून परत फिरला.

"तेव्हा तह झाला की पोटचं पोर समोरच्याच्या घरी ठेवायचे. तह मोडला की त्या पोराचे हाल." तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "ही तुमच्या दोघांतली ओलीस. बोला, तह करताय की नाही?"

पोरीनं भोकाड पसरलं. मेरेरिदच्या फेऱ्या वाढल्या.

शेवटी इथेलनं हात पुढे केला. "मीच लावला असेन आधी."

"नाही रे, मीच घाई केली," तिदिरनं रुमाल डोळ्यांना लावला.

मेरेरिदला रडूच फुटलं. पोरगी तिदिरच्या मांडीवर, दुधाची बाटली इथेलच्या हातात. "आज जमतंय का बघा. मी बाजारात जाऊन येते."

तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत दोघं हात हलवत राहिले.

"लंगोट ओला झालाय," इथेल म्हणाला.

"बदल की मग!" तिदिर खेकसला. "खोटं भांडण काढायचं, तर सुरावरून काढतात का, गाढवा? कुंपणावरून काढलं असतंस, तर पोरगी कॉलेजात जाईपर्यंत पुरलं असतं!"