चौथं पाकीट

संधिवाताच्या नव्या गोळीवर कोल्हापुरातल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात संशोधन चाललं होतं. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कुणाला कुठली, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. नेसरीच्या आक्काताई आणि त्यांची धाकटी जाऊ सुशीला यांनी आपल्या गोळ्या निम्म्या-निम्म्या वाटून घेतल्याचं कळलं, तसे डॉक्टर अमरेश सगळ्या ओपीडीसमोर कडाडले, "दोन वर्षांची मेहनत मातीत घातलीसा की! नियम समजून सांगितला होता का न्हाय?"

आक्काताईंनी पदर तोंडाला लावला. "चुकलं वं सायेब. पर खरी गोळी कुणाच्या वाट्याला आलीया, कुणाला ठावं? एका चुलीवर जेवणाऱ्या जावा आमी. एकीला आराम पडला आणि दुसरी कण्हत बसली, तर घास कसा गिळायचा?"

"ते काय मला सांगू नका," म्हणत डॉक्टरांनी दोघींची नावं खोडायला लाल पेन शोधत खण उघडला. हात तिथंच थांबला.



खणात त्यांनी स्वतःच फोडलेली चार पाकिटं होती. मागच्या महिन्यात त्यांच्या आईचा नंबर आला, तेव्हा पहिल्या तिन्हींत साध्या गोळीचीच चिठ्ठी निघाली होती.