बोगद्यातली रेंज

"भाऊ, बोगद्यात रेंज पकडेल असा फोन दाखव. ह्या डबड्यावर आवाज तुटतो," ती मोबाईलच्या दुकानदाराला म्हणाली.

सोबतचा मुकादम निर्लज्जासारखा खिदळला. बेपत्ता नवऱ्यावरून तिने बोंब मारू नये म्हणून नवा फोन बोगदा खणणारी कंपनी देणार होती. "वहिनी, दरड पडली तेव्हा सगळे बाहेर आले. मग आम्ही बोगदा काँक्रीटने बुजवला, त्याला वर्ष झालं. तुमचा नवरा पळालाय कुणाचा तरी हात धरून. आत कोण बसलंय तुमच्याशी बोलायला?"

दुकानदाराने तिचं सिम नव्या फोनमध्ये घातलं. रेंज फुल आली आणि लगेच फोन वाजला. तिने स्पीकर लावला. नवऱ्याचा आवाज लख्ख आला.



"मुकादम तिथेच आहे ना गं? विचार त्याला, काँक्रीट ओतताना माझ्या हाका ऐकू येत होत्या ना?"